तुझा निवाडा, माझं कोर्ट

बुऱ्हाणपूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय भूमिका,

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण उन्हात खुर्ची टाकून बसली की शेजारच्या इंदुबाईंशी बोलण्यात विसरते. काल त्यांना सांगत होती, "भूमिका वकील आहे, आणि वैजू कोर्टात जाते." मी आत काळा कोट इस्त्री करत होते.

फोपनार गावच्या केसमध्ये मनाई हुकूम मिळाला, हे तुला कळलंच आहे. कसा मिळाला ते तुला आईकडून कळू नये, म्हणून लिहिते.

आत्माराम महाजनांच्या केळीबागेच्या वर एका कारखानदाराने नाला अडवायला घेतला होता. खालच्यांना विचारणं नाही, सांगणं नाही. मी दावा लावला. वरच्याने काम सुरू करण्याआधी खालच्यांवर काय परिणाम होईल ते तपासलं पाहिजे, हा मुद्दा नेमका मांडणारा निर्णय मला हवा होता. आपल्याकडचे शोधले, थोडेफार जुळणारे मिळाले. नेमका तुझ्याकडेच होता. दोन देश, एक नदी आणि हेगच्या लवादाचा तो निवाडा. पहिल्या पानावर वकिलांच्या नावांत सर्वांत शेवटी तू.

तो सोडून दुसरं काहीही चाललं असतं मला. शेवटी तोच कागदपत्रांना जोडला, पण पहिलं पान काढून. मुद्दा आतल्या पानांत आहे, असं स्वतःला समजावलं.

समोर निरंजन वकील होते. म्हणाले, "सर, ये दो मुल्कों का मामला है. फोपनार कब से मुल्क हो गया?" सगळे हसले.

जजसाहेबांनी मला विचारलं, "मॅडम, ये मुझ पर बाइंडिंग है?"

"नाही सर. तो त्या दोन देशांपुरता, त्याच भांडणापुरता बंधनकारक. उद्या दुसऱ्या लवादावरही त्याची सक्ती नाही. तिकडेसुद्धा असे निवाडे म्हणजे कायदा नव्हे, कायदा काय आहे ते ओळखायला मदत. मीही तेवढ्यापुरताच आणलाय."

ते पानं उलटत राहिले. "पहला पेज कहाँ है?"

पिशवीतून काढून दिलं. त्यांनी नावं वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ये भूमिका... आपकी कोई हैं?"

"धाकटी बहीण."

आदेशात त्यांनी लिहिलं की हा निवाडा बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्या कायद्याशी जुळतो. इतक्या वर्षांच्या वकिलीत माझा एकही युक्तिवाद कोणत्या आदेशात असा उतरला नव्हता. आणि उतरला तेव्हा तुझा.

संध्याकाळी आत्मारामभाऊ मावा जिलेबी घेऊन आले. म्हणाले, "भूमिकाताईनं तेवढ्या लांबून बी आपलं काम करून दिलं बघा." मी हसून जिलेबी घेतली. भूमिका, नाला मी पायी फिरले होते. साक्षीदार मी उभे केले. दोन देशांची गोष्ट फोपनारच्या चिखलापर्यंत मी आणली.

बाबा गेल्यावर दोघींपैकी एकीनेच दिल्लीला शिकायला जायचं ठरलं. तू हुशार होतीस म्हणून गेलीस, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. मला ते आजवर कधी खरं वाटलं नाही.

आता समोरचे वरच्या कोर्टात गेलेत. तुझा निरोप मिळाला, 'ताई, सुट्टी काढून येते, मी आर्ग्यू करू का?' प्रेमानेच विचारलंस. मी फोन उशीखाली सारला आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही. आईला मात्र तू येणार म्हणून आतापासून चैन नाही.

ये. त्या निवाड्यातलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, आणि आत्मारामभाऊंची बाग माझ्या रागापेक्षा मोठी आहे. रात्रभर बसून मला शिकव, चुका काढ, मी ऐकेन. पण कोर्टात तू माझ्या मागे बसायचं. बोलायला मी उभी राहणार.

हे मान्य असेल तरच तिकीट काढ.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
वैजूताई