खालच्या वेशीतून न जाण्याबद्दल

मोंतेफाल्दो, वरची आळी,
गुरुवार, दुपार

प्रिय ओर्तेन्सियाताई हिस धाकट्या एर्सिलियाचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. तुझी कंबर आता कशी आहे? हाड जुळलं का? लोरेदाना तुला मीठ खाऊ देते की अजून ते आजाऱ्याचं पाणचट सूपच पाजते? (तुझी मुलगी गुणाची आहे, पण हाताला चव नाही, हे मी तिच्या लग्नातच म्हटलं होतं.) अंकोनाची समुद्राची हवा तुला मानवते असं ऐकलं. मला नसती मानवली. ज्या गावाला तट नाही तिथं माणसाला झोप कशी लागते, देव जाणे. माझी तब्येत उत्तम. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे, आणि गुडघा म्हणजे काही मी नव्हे.

पत्रास कारण की, मी जिंकले. सविस्तर सांगते, तुला तिकडे दुसरं काम तरी काय आहे! गेल्या महिन्यात मी आमच्या गल्लीच्या पायऱ्यांवर जरा घसरले (पडले नाही, बसले, जोरात बसले). ही बातमी आमच्या रेमोला तोरिनोत कोणी पोचवली त्याचा तपास चालू आहे. झालं, चिरंजीवांचा फोन. आई, आता पुरे, घराला कुलूप लाव आणि इकडे ये. सूनबाईने म्हणे इस्त्रीची खोली माझ्यासाठी रिकामी केली. सातवा मजला, खिडकीतून समोरच्या सातव्या मजल्याची खिडकी. मी म्हटलं, मी त्र्याहत्तर वर्षं या तटाच्या आत काढली, मला न्यायचं तर चौघांनी खांद्यावरून न्या. तो म्हणाला, तीच वेळ येऊ नये म्हणून सांगतोय. आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी भांडत होतो. शेवटी मीच म्हटलं, रविवारी ये, तू म्हणशील ती परीक्षा देते.

आता तुला माहीतच आहे, आमचे चिरंजीव पूल तपासणारे इंजिनिअर. कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिच्यावर भार टाकून बघायचा, ही त्याची खोड. त्यानं परीक्षा काढली ती अशी: वरच्या वेशीतून बाहेर पडायचं, तटाला बाहेरून एक पूर्ण फेरी घालायची, एकटीनं, आणि एकच्या ठोक्याला परत वरच्या वेशीत हजर व्हायचं. जमलं तर तोरिनोचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी बोचकं बांधायचं. तो स्वतः वेशीजवळच्या कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला, मांडीवर फोन, फोनवर घड्याळ. साडेदहाला मी निघाले. काठी घेतली नाही. काठी घेतली की तो तिचे फोटो काढून सूनबाईला पाठवतो.

पहिला अर्धा तास झकास. तटाच्या कडेनं गवत, वर कॅपरची काटेरी झुडपं, दगडातून डोकावणाऱ्या पाली, आणि गुडघ्याची अधूनमधून कुरकुर, तिकडे मी कानाडोळा केला. खरी माशी शिंकली ती उत्तरेच्या बुरुजाखाली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथली दरड कोसळली आणि पायवाट तिच्याबरोबर गेली, ते तू ऐकलं असशीलच. नगरपालिकेनं तिथं लाल-पांढरी फीत बांधली आहे आणि एक बाण काढला आहे: खालच्या वेशीतून आत शिरा, खालच्या आळीतून शंभर पावलं चाला, धुण्याच्या कुंडाजवळच्या छोट्या दिंडीदारातून पुन्हा बाहेर पडा. सगळं जग तसंच करतं. पण बाणानं मला खालची आळी दाखवावी? मला?

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. एक्क्याऐंशी सालची पिंपांची शर्यत. कारंज्यापासून चर्चपर्यंत रिकामं पिंप ढकलत न्यायचं, आणि तुमच्या दुइलिओनं पिंपाच्या तळाची एक फळी आतून तासून ते हलकं केलं. (तो मेला, म्हणून मी 'म्हणे' असा शब्द घालते. फळी म्हणे तासली.) जिंकणाऱ्याचा झेंडा खालच्या आळीनं पळवला, आणि आम्ही वरच्या आळीच्या सगळ्यांनी कारंज्यात हात बुडवून शपथ घेतली, की झेंडा परत येईपर्यंत खालच्या वेशीतून पाऊल टाकणार नाही. आणि तीन महिन्यांत तू त्याच माणसाशी लग्न केलंस! मी चर्चमध्ये आले, तुझ्या घरी जेवायला आले नाही. नंतर दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आपण भेटलो, सणावारी तू वर आलीस, पण मी कधी खाली उतरले नाही. शपथ घेणाऱ्यांतले बहुतेक आता कबरीत आहेत. चौघं जण रोज खालच्या वेशीतून जातात, कारण औषधाचं दुकान तिकडं आहे, आणि औषधाला शपथ लागू नाही असा त्यांनी परस्पर निकाल लावून घेतला. उरले मी. माझी औषधं पाद्रीबाबा आणून देतात.

तर मी त्या बाणाकडे पाठ केली आणि सरळ दरी उतरले. हिशेब सोपा होता: ऑलिव्हच्या मळ्यातून खाली, ओढा ओलांडायचा, समोरच्या टेकडीला वळसा घालून दिंडीदाराच्या पलीकडे परत वर. खिडकीतून बघताना ते एवढंसं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक मळ्याला बांध, प्रत्येक बांधाला कुंपण, आणि प्रत्येक कुंपणापलीकडे कोणाचं तरी कुत्रं. ओढ्यात तिसऱ्या दगडावर माझा डावा बूट वाहून जाता जाता वाचला, पाय मात्र घोट्यापर्यंत भिजला. आणि गंमत बघ, तट अख्खा वेळ समोर दिसत होता, घंटाघर दिसत होतं, पण जी पायवाट धरावी ती गावाकडे तोंड करून निघे आणि दहा पावलांत पाठ फिरवी. आपल्याच गावाच्या नजरेसमोर मी हरवले, ताई. पण परत फिरले नाही. हट्टाला पेटले होते.

टेकडीवरच्या ओकांच्या रानात सेस्तिलिओ भेटला, तोच, खालच्या आळीतला, रानातली ती महागडी ट्रफल अळंबी जमिनीतून काढणारा. त्याची कुत्री आधी आली, तो मागून आला, आणि आल्या आल्या ओरडला, "आली का टेहळणी करायला! वरच्या आळीनं आता म्हाताऱ्या पाठवायला सुरुवात केली!"

मी म्हटलं, "मी रस्ता चुकले."

"इथं चुकून कोणी येत नाही, बाई. चुकून येतात ते सगळे पिशवी घेऊन येतात."

मी त्याला ओला बूट दाखवला. पिशवी नाही हे दाखवायला हात पसरले. मग तो जरा नरमला, आणि त्यानं विचारलं, की बाण लावलेला असताना ही दरी कशाला पालथी घातली? मी शपथेचं सांगितलं. ताई, तो मेला इतका हसला, इतका हसला, की कुत्री घाबरून खाली बसली. "अगं बाई, तो झेंडा? आमच्या आळीतल्या गालियानोच्या बायकोनं त्याचा कोंबड्यांच्या खुराड्याला पडदा केला होता! विरून गेला त्याला वीस वर्षं झाली. तू कशाची वाट बघतेस?"

मी जाऊन एका दगडावर बसले. तिथून गाव दिसतं. मी जन्मात ते एवढं पूर्ण पाहिलं नव्हतं. आतच राहिल्यावर दिसणार कसं? सभोवार एकच तट, मध्ये एकच घंटाघर, छपरांना छपरं चिकटलेली. वरची आळी कुठं संपते आणि खालची कुठं सुरू होते ते मी डोळे ताणून शोधलं, मला सापडलं नाही. तुझं घर सापडलं. मग मला रडू आलं, हे तुला लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. तेवढ्यात बाराचे ठोके पडले आणि मी उठले. आता वळसा घालायला वेळ नव्हता. खालची वेस, नाहीतर इस्त्रीची खोली.

साडेबाराला मी खालच्या वेशीसमोर उभी होते (इतक्या लवकर कशी, हा मुद्दा नाही). वेशीतल्या बाकावर गालियानो आणि त्याचे दोन मित्र बसले होते, त्यांच्या बाकाला सुट्टी कधी नसते. मी उंबऱ्यावर पाय ठेवला.

"एर्सिलियाबाई!" गालियानो म्हणाला. "वाट चुकलात की शुद्ध हरपली? त्रेचाळीस वर्षांनी! घंटा वाजवायला सांगू का?"

मी म्हटलं, "सांग. आणि तुझं कोंबड्यांचं खुराडं कुठं आहे तेही सांग."

त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बाकीचे दोघं आपापले बूट बघायला लागले. मी आत गेले. शंभर पावलं, ताई, मी मोजली. एकशे बारा आहेत. तुझ्या दारावरून गेले. खिडक्या बंद होत्या, कुंड्यांना मात्र कोणीतरी पाणी घातलं होतं. दुइलिओ गेला तेव्हा सगळे याच दारापासून त्याच्यामागे चालत आले, आणि मी आधीच चर्चमध्ये जाऊन पहिल्या बाकावर बसले होते, शपथ मोडू नये म्हणून. मला त्याची लाज वाटली. पण थांबायला सवड नव्हती. दिंडीदारातून बाहेर पडले, उन्हाच्या बाजूनं तट धरून चालत राहिले, आणि एकला चार मिनिटं कमी असताना वरच्या वेशीत उभी राहिले.

रेमोनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, मग बुटाकडे. "आई, हा पाय ओला कसा?"

"घाम," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. दिलेला शब्द त्यानं पाळला, तेवढा तो आपल्या बाबांवर गेला आहे. कॉफीच्या दुकानातच आम्ही जेवलो, तळलेल्या भरल्या ऑलिव्हच्या त्यानं एकट्यानं दोन बशा संपवल्या. निघताना गळ्यात पडून म्हणाला, आई, तू पास. मी याच गावात राहणार, हे ठरलं. तुझ्या भाच्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी ताठ उभी होते.

असो. कंबरेला जप, लोरेदानाला आणि जावईबापूंना माझा आशीर्वाद कळव. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा उरलेली नाही.

तुझी विजयी बहीण,
एर्सिलिया

ता. क. टेकडीवरून खालच्या वेशीपर्यंत सेस्तिलिओनं मला त्याच्या तीनचाकी टेम्पोतून आणलं, मागच्या हौद्यात, ऑलिव्हच्या जाळ्यांखाली झाकून. परीक्षा तटाच्या फेरीची होती, टेकडी तिच्यात नव्हतीच, म्हणून मी हे गैर मानत नाही. कुत्रीला पुढची सीट मिळाली.

ता. क. २. वर पत्ता 'वरची आळी' लिहिला आहे तो सवयीनं. रेमो गेल्यावर मी घराच्या पायऱ्या चढायला लागले. एकसष्ट आहेत. एकोणिसाव्या पायरीवर गुडघ्यानं स्पष्ट नकार दिला, आणि मी तिथंच बसून राहिले, एक तास, येणाऱ्या-जाणाऱ्याला हवा खातेय असं सांगत. चढणं जमेना, उतरणं जमत होतं. म्हणून उतरत उतरत थेट खालच्या आळीत आले. गालियानोनं तुझ्या दाराची किल्ली काढून दिली, एका शब्दानंही टोमणा मारला नाही. (कुंड्यांना पाणी तोच घालतो.) रविवारपासून मी तुझ्याच स्वयंपाकघरात आहे, हे पत्रही तुझ्याच टेबलावर लिहिलं. तुझ्या घराला एकही पायरी नाही. तुझ्या खिडकीतून माझा सज्जा दिसतो, पूर्ण, कपडे वाळत घालायच्या दोरीसकट, आणि खुर्ची तिकडेच तोंड करून ठेवलेली आहे. बैठक पार झिजली आहे तिची. तू कधी बोलली नाहीस.

ता. क. ३. लोरेदाना म्हणते तू एकटी राहू शकत नाहीस. रेमो आता तोंडानं म्हणत नाही, पण मी एकटी राहू शकत नाही. पोरांचं बरोबर आहे. तर मग एकटं राहायचंच कशाला? मी घोरते, मीठ नीट घालते, आणि खिडकीजवळची खुर्ची तुझी तुला ठेवीन. दर शुक्रवारी अंकोनाची बस येते. उद्याचा शुक्रवार सोडून दे, पुढच्याला ये. नाही आलीस तर मी तुला आणायला निघेन. चालत.