रिकाम्या गादीपुढचं गाऱ्हाणं

तीर्थरूप बाबा,

आज तुमचं तेरावं. मुलगा जिवंत असून चुलतकाकांनी तुमचे दिवस केले. आजवर माझी पत्रं गावी निघालेल्या कुणाच्या तरी हातून यायची. हे कुणाच्या हाती देऊ? तरी लिहितोय, कारण आज मी तुमच्यासारखं गाऱ्हाणं घातलं. ते तुम्हाला नाही सांगायचं, तर कुणाला?

आधी एक रागाची गोष्ट. सदाला जामीन राहा, असं तुम्हीच लिहिलंत ना? ‘आपल्या गावचा माणूस, नाही म्हणू नको.’ इथे आखातात सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात. सुट्टीवर जाणाऱ्यासाठी दुसऱ्याने सही करायची. तो परत आला नाही, तर सही करणाऱ्याचा पासपोर्ट अडकला. मी सही केली. सदा गेला तो गेलाच! देवळात लोकांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला सदा ओळखता आला नाही?

तुम्ही अंथरूण धरल्याचा फोन आला तेव्हा मॅनेजर म्हणाला, “दूसरा गॅरंटर लाओ, तब छोडूँगा.” चार दिवस मी अल कुसैसच्या आमच्या कॅम्पातली एकेक खोली फिरलो. सदाने सगळ्यांनाच शहाणं केलं होतं. माझ्या खोलीतला दत्ता फोरमन, आपल्या शेजारच्या गावचा, तोही मान खाली घालून म्हणाला, “वैशाखात पोरीचा लगीन आसा. तू परत इलंस नाय तर माझा काय?”

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. मी स्टोअरमध्ये पाइप मोजत होतो. तसाच मोजत राहिलो. दुसरं काय करणार होतो, बाबा?

आज दत्ताला अल ऐनच्या साइटवर सामान पोचवायचं होतं. “यल्ला, चल माझ्यावांगडा. खोलीत बसान येडो होशीत,” म्हणाला आणि हाताला धरून मला पिकअपमध्ये बसवलं. तेरा दिवसांत आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

साइटजवळ इथल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं, म्हणजे शेखचं, जुनं मातीचं घर आहे. आता त्याचं म्युझियम केलंय. तिकीट लागत नाही म्हणून शिरलो. भिंतीवर घराण्याचे फोटो, अंगणात खजुराची झाडं, एका खोलीत कॉफीची पितळी भांडी. आमच्या अंगावर साइटचे कपडे, पण कुणी हटकलं नाही.

एका लांब खोलीत भिंतीला लागून गाद्या-लोड मांडलेले, दाराला दोरी. पेशावरचा म्हातारा पहारेकरी म्हणाला, “शेख साब इधर बैठता था. कोई भी आता, अपना तकलीफ बोलता.”

“और अब?”

“अब खलास. अब सिर्फ देखने का.”

मला तुम्ही दिसलात हो! देवापुढे नारळ ठेवून, डोळे मिटून, अख्ख्या गावाची दुखणी खड्या आवाजात मांडणारे. मी लहानपणी लाजायचो त्या आवाजाला. आज दोरीपाशी उभा राहिलो, चपला काढल्या आणि तोंडातून निघालंच, “बा महाराजा! तुझा लेकरू परमुलखात अडाकला. बापाशीक खांदो देवूक गावलो नाय. आता तरी वाट मोकळी कर रे महाराजा...”

आणि थांबलो. गावात अशा वेळी सगळे मिळून हुंकार देतात. इथे कोण देणार?

“व्हय महाराजा,” मागून दत्ता म्हणाला. तो रडत होता. पहारेकऱ्याने आमच्याकडे पाठ फिरवली.

परतीच्या वाटेवर दत्ता म्हणाला, “उद्या मी सही करतंय. जावन ये.”

मनात आलं, ओरडावं, तेव्हा का नाही केलीस? आता काय जाळायची तुझी सही? पण पोरीचं लग्न अजून वैशाखातच आहे, बाबा. माझ्यासारखा तोही अडकू शकतो. हे ठाऊक असून तो बोलला.

म्हणून तुम्हाला शब्द देतो. मी येईन. देवळात तुमच्या जागी उभा राहून गाऱ्हाणं घालीन. आई रडून म्हणेल, आता जाऊ नको. मलाही नको वाटेल, तुम्हाला ठाऊक आहे. तरी वैशाखाआधी मी इथे परतलेला असेन. तेवढं मात्र मला अडवू नका. म्हणा, बाबा, एकदा तरी म्हणा, व्हय महाराजा.

तुमचा,
विलास