जुन्या नावाचं पॅकेज

३ फेब्रुवारी २०१०, लातूर

मेलं! क्लासच्या चाळीस कॉम्प्युटरांवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि माझा सराव परीक्षेचा प्रोग्रॅम बसायलाच तयार नाही. म्हणे, त्याला एक पॅकेज — दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार जोड-प्रोग्रॅम — लागतं आणि ते सापडत नाही. दोन वर्षं बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम!

मालक महादेवप्पा सर दारातूनच म्हणाले, "रविवारी परीक्षा हाय. न्हाई जमलं तर पुण्याचा माणूस बोलावतो. तू परत फॉर्म भरायला बस, हुस्ना."

फॉर्म! मी!

४ फेब्रुवारी

कारण सापडलं. त्या पॅकेजचं नाव कधीच बदललंय. लिनक्सवाल्यांनी जुन्या नावाचं नुसतं रिकामं खोकं ठेवलं होतं, ते नव्याला ओढून आणायचं. नंबर बदलला की जुन्यावरचे फोन नव्यावर वळवतात, तसं. यंदा तेही बंद केलं. आणि प्रोग्रॅमला काय काय लागतं त्या माझ्या यादीत जुनंच नाव — मीच जुन्या पुस्तकातून उतरवलेलं. चूक माझीच.

५ फेब्रुवारी

आज शहाणपणा केला. जुन्या नावाचं रिकामं पॅकेज स्वतःच बनवून बसवलं. प्रोग्रॅम उघडला! लॅब झाडणाऱ्या शिवकांताबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांच्यासमोरच निकाल छापायला गेले — ठप्प. नाव आहे, आत काहीच नाही.

"लई घाई करायलीस तू," बाई म्हणाल्या. खरंच आहे.

ते काढून टाकलं. यादीत सरळ नवं नाव घातलं, प्रोग्रॅम पुन्हा बांधला, आधी एकाच कॉम्प्युटरवर बसवला. निकाल छापून आला!

६ फेब्रुवारी

चाळीसच्या चाळीस!

७ फेब्रुवारी, रविवार

दोनशे चाळीस पोरं, सहा बॅचेस — एकही कॉम्प्युटर अडकला नाही. निकाल संध्याकाळी फळ्यावर. मी नुसती मिरवत होते!

सरांना स्पष्ट सांगितलं, चूक माझी होती, दुरुस्तीही माझीच. "शाब्बास," म्हणाले.

नांदेडला फोन केला. अब्बा घड्याळं दुरुस्त करतात, पॅकेज वगैरे त्यांना कळत नाही. "तूच खोललं, तूच बसवलं ना? मग झालं तर!"

८ फेब्रुवारी

पालकसभा. सर माइकवर — "आपली परीक्षेची यंत्रणा पुण्याच्या तज्ज्ञांनी बसवलेली हाय." टाळ्या! मी मागच्या रांगेत.

नंतर मला म्हणाले, "पुण्याचं नाव घेतलं की अॅडमिशन वाढतात. तुझा पगार वाढवतो की."

अंगाची लाही लाही झाली. भूकंपाच्या वर्षी ह्याच सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला, तेव्हा पुण्याचं कोण होतं?

१० फेब्रुवारी, नांदेड

राजीनामा देऊन आले. अब्बांच्या दुकानात आता अर्धं टेबल माझं, कॉम्प्युटरच्या कामांसाठी. बाहेर रंगारी पाटी नव्याने लिहितोय. अब्बा त्याला म्हणाले, "माझं नाव जरा बारीक कर. हिचं पुरं आलं पाहिजे."