लखनचं पाणी

पांडेसरा, सुरत
१२ मे १९९५

प्रिय उज्ज्वला,

अक्षर ओळखू येणार नाही, कारण ते माझंच आहे. तुझी आक्का लिहायला शिकली गं! दुपारी चाळीत वर्ग भरतो, आम्ही बारा बाया पदराने पाट्या पुसत बसतो. खाली माझं नाव बघून तू पत्र चुलीत घालशील, माहीत आहे. चार वर्षं आपलं बोलणं नाही. पण माझे माय, आधी शेवटपर्यंत वाच, मग जाळ. तुझे दीर भिकनभाऊ दुपारच्या गाडीने निघतात, तोवर मला हे संपवायचं आहे.

माझ्या लखनला हगवण लागली तेव्हा तू इथेच होतीस. नर्सबाईने दोन पुड्या दिल्या आणि घाईघाईत गुजरातीत काहीतरी सांगितलं. समजलं नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी आपली ‘हां बेन, हां बेन’ करत मान डोलावली. घरी येऊन ती भुकटी घुटीसारखी मधातून चिमूट चिमूट चाटवली. आणि पाणी बंद केलं, दूधही तोडलं. हगवणीत पाणी दिलं की आणखी वाहतं, हेच आपण लहानपणापासून ऐकलं ना.

तू म्हणालीस, आक्का, पुडी दाखव, वर काय लिहिलंय ते वाचते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला सांभाळायला मी घरी राहिले म्हणून तू सातवी शिकलीस, आणि आता मलाच शिकवतेस? पुडी कमरेला खोचली. वर म्हणाले, तुझी कूस उजवेना, माझ्या लेकराला नजर लावू नकोस. तू तशीच पिशवी उचलून स्टेशनवर गेलीस.

पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही, लखनच्या वडिलांनाही नाही. पोर रांगत माठापाशी गेलं आणि त्याच्या ओल्या अंगाला ओठ लावून चाटत बसलं. मी ओढून आणलं. परत गेलं. मी परत ओढलं. मग त्याच्यात रांगायची ताकदच उरली नाही. दुसऱ्या दिवशी गेला. आणि मी गावभर सांगितलं, उज्ज्वलाची नजर लागली.

गेल्या महिन्यात ट्रंकेत दुसरी पुडी सापडली. वर हिंदीत छापलेलं. बोट ठेवून वाचलं: सगळी पुडी एक लिटर पाण्यात मिसळून पाजत राहा. पाण्यात, उज्ज्वला! चारदा वाचलं. घरात माठ मी तेव्हापासून ठेवत नाही, तरी भांडी घासताना चाटल्याचा आवाज येतो आणि मी वळून बघते. तुझ्या नजरेने काही झालं नव्हतं गं. माझ्या हाताने झालं.

आज सकाळी भिकनभाऊ साड्यांचा माल घ्यायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, तुझ्या बाळाला कालपासून हगवण आहे, सासूबाईंनी पाणी बंद केलंय. त्यांच्याकडे चार नव्या पुड्या देते. पाणी उकळून गार कर, लिटरभर पाण्यात एक सगळी पुडी घाल, चमच्याचमच्याने पाजत राहा. दूध तोडू नकोस. लगेच दवाखान्यात ने. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल. पण सासूबाई आडव्या आल्या तर त्यांना सांग, माझ्या बहिणीने असंच पाणी तोडून स्वतःचं पोर मारलं. नाव घेऊन सांग, गल्लीभर ऐकू जाऊ दे.

तुझीच,
आक्का (शोभा)