मेल्या हंगामातली चूल

१४ जुलै, रविवार

तीन हजार पेसो! नऊ नाहीत, गेल्या महिन्यासारखे पाचसुद्धा नाहीत. तीन. पैसे देणाऱ्या खिडकीतल्या पोरीने नोटा दोनदा मोजल्या. मी तिसऱ्यांदा मोजायला लावल्या. "मोजून वाढत नाहीत हो त्या, दादा," म्हणाली. रांगेतले सगळे हसले. एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बायकोला, जेनालिनला फोन लावला. हाँगकाँगला आज कामवाल्या बायकांची सुट्टी. उचलायला हवा होता. नाही उचलला. दुपारी नुसता निरोप — "मालकिणीने पगार थकवलाय. भागवून घ्या. पोरींना उपाशी ठेवू नका."

भागवून घ्या म्हणे! जसं काही मी इथे रोज डुक्कर भाजून खातोय.

साखर कारखाना मे महिन्यात बंद झाला. ऊस नाही तर ट्रक नाही, ट्रक नाही तर ड्रायव्हर नाही. ऑक्टोबरपर्यंत असंच. आमच्या नेग्रोस बेटावर या महिन्यांना मेला हंगामच म्हणतात. दर वर्षी येतो, दर वर्षी निभतो. पण दर वर्षी तिकडून नऊ हजार यायचे.

१५ जुलै

खेपा लिहायच्या वहीत हे लिहितोय. खेपा नाहीतच, पानं तरी का वाया घालवायची.

तांदूळ दिवसाला दीड किलो. म्हणजे महिन्याला अठराशे गेले. लायकाचं शाळेला जायचं भाडं चारशे. उरले आठशे. माणसं चार — मी, सासूबाई, दोन पोरी. मीठ, तेल, साबण, मासळी, सगळं त्या आठशेत! दिवसाला सव्वीस पेसो. सार्डिनचा एक डबा वीसचा.

सासूबाई, नानाय पासिंग, समोर बसून शेवग्याचा पाला ओरबाडत होत्या. म्हणाल्या, "आकडे मांडून पोट भरलं असतं, तर शाळेतले मास्तर लठ्ठ झाले असते." 

मदत काही नाही. वर टोमणे.

१७ जुलै

रताळ्याचा पाला. काल पण रताळ्याचा पाला. भात खालून करपला, वरून कच्चा. धाकटी मिमाय सहा वर्षांची आहे, तिने मुकाट्याने खाल्ला. थोरली लायका तेरा वर्षांची, तिची जीभ आईची.

"ताताय, ट्रक चालवता तसा भात नाही शिजवायचा. ब्रेक लावा थोडा. जाळ कमी करा."

"मग तूच कर!"

"करते की. सरका."

सरकलो. तिने बोट बुडवून पाणी मोजलं, दोन लाकडं ओढून बाहेर काढली. भात मोकळा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तेरा वर्षांच्या पोरीने चुलीपुढे का बसावं!

१९ जुलै, शुक्रवार

मूग. शुक्रवारी मांस खायचं नसतं, मूग सगळ्याच घरांत असतात, म्हणून आज लाज वाटली नाही. वास सगळीकडून सारखाच येत होता.

२१ जुलै, रविवार

जेनालिनचा फोन आला. चेहरा दिसेना. "कॅमेरा बिघडलाय," म्हणे. त्याआधी म्हणाली होती इंटरनेट महाग झालंय.

"पगार कधी देणार तुझी ती बाई?"

"देईल. पोरींची उंची वाढली का?"

"हवा खाऊन वाढेल तेवढी वाढलीये."

ती म्हणाली, "बेर्तिंग, मी मुद्दाम करते का?"

बाजारात ऐकलं की तिचा भाऊ आर्नेल नवीन मोटरसायकलवरून फिरतो. नवीन! पाणी पोचवायचं काम करणाऱ्याकडे नवी गाडी कुठून आली? मी फोनवर बोललो नाही. जिभेवर आलं होतं.

२४ जुलै

उसात खुरपणी. मुकादमाने आळीपाळीने कामं वाटलीत, आठवड्यातून दोन दिवस मला. पाठीचा काटा ढिला झाला. ट्रकच्या खिडकीतून हाच ऊस किती ठेंगणा दिसायचा. खाली उतरल्यावर पात्यांनी मान कापून निघते. संध्याकाळी पाव किलो सुकी मासळी आणली, मिमायने डोक्यासकट खाल्ली.

२७ जुलै

भांडण. मोठं.

माझा कोंबडा बुलावान. तीन झुंजी जिंकलेला. चौथीत डावा डोळा गेला, तेव्हापासून परसात बांधलेला असतो. त्याच्यासाठी मी मका विकत आणतो. किलोभरच! आठवड्याला!

लायकाने पिशवी पाहिली. "कोंबड्याला मका आणि आम्हाला पाला?"

"तो कमावतो."

"एका डोळ्याने? कधी कमावणार तो?"

"पिल्लं विकता येतात त्याची. वंश चांगला आहे."

नानाय पासिंग सुपामागून म्हणाल्या, "वंश आमचाही चांगला होता. पोरगी दिली ड्रायव्हरला."

मी उठून बाहेर गेलो. बुलावानपाशी बसलो. तो एका डोळ्याने बघत होता. पंख चोळले, चोचीवर पाणी मारलं. या घरात माझ्याकडे मान वर करून बघणारा तो एकटाच उरलाय.

३० जुलै

भातखाचरांतून गोगलगायी वेचल्या. घमेलंभर. नारळाच्या दुधात छान लागतात — नारळ असता तर. नुसत्या आल्यात उकडल्या. मिमायने टाचणीने एकेक बाहेर काढली, मोजत बसली. तिला तो खेळ वाटला. ती हसत होती ते बघून मलाही बरं वाटलं. थोडा वेळ.

१ ऑगस्ट

पलीकडच्या वस्तीतले म्हातारे सिमो वारले. माझी नि त्यांची ओळख म्हणजे दोनदा त्यांच्या म्हशीला ट्रकचा हॉर्न वाजवला होता, तेवढीच. पण मयताच्या घरी येईल त्याला खाऊ घालायची रीत आहे. सगळ्यांना धुतलेले कपडे घालायला लावले आणि दुपारीच नेलं.

कोंबडी घातलेली पेज होती. आलं, तळलेला लसूण. मिमायने दोन वाट्या खाल्ल्या. मी शवपेटीपाशी उभा राहून मान खाली घातली. खरंच प्रार्थना केली. म्हाताऱ्याचे आभार मानले.

निघताना मिमायने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं — "ताताय, उद्या कोण मरणार?"

सिमोंची विधवा बाई हसली. रडता रडता हसली! तिने पेजेचा डबा भरून दिला. "रोज ये गं," म्हणाली. लायका घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मागे वळून पाहिलं नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

खुरपणीहून आलो. घरात वास! हिरवी पपई, शेवग्याचा पाला, आलं. आणि कोंबडी. मला वाटलं पैसे आले.

मग परसात दोरी दिसली. नुसती दोरी, खुंटीला बांधलेली.

"कुणी कापला?"

नानाय पासिंगनी पळी खाली ठेवली. "मी. ह्या हातांनी. आणि ओरडायचं असेल तर जेवून ओरड. निवेल."

मी ओरडलोच. खूप. तोंडाला येईल ते. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काल लायका शाळेत चक्कर येऊन पडली. बाईंनी घरी पोचवली. ताताय आधीच वैतागलेत, सांगू नका म्हणाली. आता बोल. कोंबडा की पोर?"

मी बसलो. 

लायकाने ताट पुढे सरकवलं. मांडीचा तुकडा माझ्या ताटात होता. म्हटलं मला नको. "खा ताताय," ती हळूच म्हणाली, "नाहीतर आम्हालाही जाणार नाही."

झुंजीच्या कोंबड्याचं मांस चामड्यासारखं. चावत राहिलो. रस्सा मात्र चांगला झाला होता. ते लिहितानासुद्धा राग येतोय.

४ ऑगस्ट, रविवार

जेनालिनचा फोन. आवाजच, चेहरा नाही. मिमायने आईला ओरडून सांगितलं, "नानाय, आम्ही बुलावानला खाल्लं!"

वाटलं हसेल. तिला तो कोंबडा कधीच आवडला नव्हता. ती रडायला लागली. हुंदके देऊन. "तुम्ही त्याला... बेर्तिंग, तुम्ही बुलावानला कापलात?" म्हटलं, तुझ्या आईला विचार. तिने फोन ठेवला.

कोंबड्यासाठी एवढं रडण्यासारखं काय?

११ ऑगस्ट, रविवार

दीड हजार. दीड!

आज मी थांबलो नाही. म्हटलं, "खरं सांग, आर्नेलला किती पाठवतेस? त्याची गाडी सगळ्या गावाने पाहिलीये. पोरगी शाळेत चक्कर येऊन पडते नि तुझा भाऊ गाड्या उडवतो?"

"लायका पडली? कधी? आता कशी आहे?"

"आत्ता विचारतेस! तुला तिथे गरम गरम ताटात मिळतंय. आम्ही इथे गोगलगायी खातोय."

"हो," एवढंच. "हो, मला मिळतंय." आणि फोन बंद.

मी जिंकलो असं वाटायला हवं होतं.

१३ ऑगस्ट

रागारागात तालिसायला गेलो, आर्नेलच्या घरी. जायला-यायला भाड्यात एका दिवसाचा तांदूळ गेला. मोटरसायकल दारातच उभी. मागे पाण्याच्या कॅनचा सांगाडा, बाजूला पाणीवाल्या मालकाचं नाव रंगवलेलं.

"मालकाची आहे, भावोजी," तो म्हणाला. "एक कॅन फुटला तरी माझ्या पगारातून कापतो. माझी असती तर मी ती सायकलसारखी ढकलत नेली असती का पेट्रोल वाचवायला?"

मी विचारलं, ताई पैसे पाठवते का. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई? मला? उलट तिनेच जूनमध्ये माझ्याकडे दोन हजार मागितले. तुम्हाला सांगू नको म्हणाली. मला वाटलं तुमचं काही बिनसलंय."

हाँगकाँगला काम करणारी बाई कॅन उचलणाऱ्या भावाकडे दोन हजार मागते? कशासाठी?

निघताना त्याच्या बायकोने सुक्या मासळीची पुडी हातात दिली. घेतली. नको म्हणायला तोंड नव्हतं.

१४ ऑगस्ट

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काही माहितीये का. त्यांनी मुगातले खडे निवडणं थांबवलं नाही. "पोरगी आईपासून दोनच गोष्टी लपवते," म्हणाल्या. "बाप्या आणि अपमान. बाप्या तर तू समोर बसलायस."

मासळी तळली. घरभर वास.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सातला फोन. आधी लायकाची चौकशी. बरी आहे म्हटलं. आर्नेलबद्दल माफी मागायला तोंड उघडलं आणि तिच्या मागून आरोळी आली — "ताहोऽऽऽ! ताहोऽऽऽ!" खांद्यावर कावड घेऊन गुळाच्या पाकातलं सोयाबीनचं मऊ पनीर विकणाऱ्याची. आमच्या मुलखात ही आरोळी रोज सकाळी गल्लीगल्लीत असते. हाँगकाँगला नसते.

मी फोन कानाला दाबून ऐकत राहिलो. तो फेरीवाला लांब जाईपर्यंत.

"मनिला?" मी म्हणालो.

"मे महिन्यापासून," ती म्हणाली. "मालकिणीने काढून टाकलं. एका खानावळीत भांडी घासते. तोंड कसं दाखवू म्हणून..."

विचारायला शंभर गोष्टी होत्या. एकच आली.

"जेवलीस का?"