वाळकाच्या वेलावरचा मावा

२२ ऑगस्ट
वाळकाच्या पानांखाली पुन्हा मावा. हिरवा, बारीक, चिकट. काल निंबोळी अर्क फवारला तरी आज जास्तच दिसतोय. की मीच जास्त निरखून बघतेय?
हे म्हणाले, "आमच्या देवगावला एका फवारणीत काम व्हायचं. तू रोज किड्यांना आंघोळ घालतीस."
हसू आलं नाही. मनू पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार. मागच्या खेपेला बाळ पाचव्या महिन्यातच गेलं. त्याचा भाजीवरच्या फवारणीशी संबंध आहे असं कुणीच म्हटलं नाही, पण पोर तेव्हापासून बाजारची काकडीसुद्धा कच्ची तोंडात घालत नाही. "आई, घरचं वाळूक देशील ना?" दिलंच पाहिजे. अंगणात औषधाचा थेंब पडणार नाही, असा शब्द दिलाय.

२७ ऑ.
शेजारच्या शमीमआपा भिंतीवरून म्हणाल्या, "राख डालो, सुबू-सुबू, ओस में. चिपक जाती." टोपलंभर दिलीही. मोबाईलवर एक माणूस सांगतो पानं धुवा, दुसरा सांगतो कोरडी ठेवा. दोघांचीही बाग माझ्यापेक्षा बरी. सकाळी राख टाकली, संध्याकाळी पानं धुऊन काढली. मग पायरीवर बसून विचार केला, हे नक्की काय केलं मी?

११ सप्टें.
महालक्ष्म्यांचं जेवण. हार घरच्या झेंडूचा! एकही फूल ठेवलं नाही. लई मिरवलं आज.
आपा प्रसादाला आल्या नि वेलाकडे बघतच राहिल्या. "गेंदे पूरे तोड डाले? कीडे उसपे जाते करके लगाए थे ना?"
व्हय की. वेलाभोवती झेंडू लावला होता तो त्यासाठीच. पण महालक्ष्म्यांना घरची फुलं असताना विकतची घालायची का? दोन्ही बाजूंनी मीच चुकते.

१५ सप्टें.
शेंडे आकसले. मुंग्यांची रांग. वेलापाशीच रडू फुटलं. हे बघत उभे होते. नंतर औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन आले. काय आणलं? "घड्याळाचा सेल."

१९ सप्टें.
दोन दिवस वैजापूरला भावाकडे होते. परत येऊन बघते तर पानं लख्ख! मावा नाही. मुंग्या नाहीत. पण मावा खाणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे किडेही नाहीत, साधा कोळीसुद्धा नाही.
पान चुरगाळून हुंगलं. निंबोळीचाच वास, की माझ्या हातालाच तो बसलाय?
ह्यांना विचारलं. "तूच इतके दिवस फवारलंस ना? लागू पडलं आता." नजर पेपरात.
खरं मानावं तर केवढा आनंद. नाही मानावं तर घरच्याच माणसावर संशय. जेवण गेलं नाही.

२४ सप्टें.
मनू आली. पिशवी ओसरीवर टाकून आधी वेलाकडे. पिवळं धमक वाळूक तोडलं, ओढणीला पुसलं.
"मने, खाऊ नको ते!"
हे ओरडतच अनवाणी धावत आले. देवगावला शेतातलं वाळूक शर्टाला पुसून खाणारा हा माणूस. तिच्या हातातून काढून घेतलं. "धुऊन... नाय, ऱ्हाऊ दे. दुसरं आणतो."
"बाबा, घरचंच आहे की."
ते माझ्याकडे बघेनात. इतकी चीड आली, आणि तितकीच कीवही.
मनूनं वेलावरचं दुसरं तोडलं आणि माझ्याकडे वळली. "आई, तू सांग. खाऊ ना?"