जिन्यावरची बादली आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदात ‘माझी स्मरणशक्ती शाबूत आहे’ असेही लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी गाळते. चाळीस वर्षे मी स्मरणशक्तीच शिकवली, त्यामुळे तिच्या बाजूने साक्ष द्यायला मी तयार नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. प्रयोगशाळेतून घरी आणलेला उंदरांचा लाकडी चक्रव्यूह आणि बँकेतली सर्व ठेव मी तिथे उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या आमच्या पिंजरेवाल्याला देते. माझ्या तरुणपणी सगळ्यांना एकच ध्यास होता: आठवण मेंदूत नेमकी कुठे असते? उंदराला वाट शिकवायची, मेंदूचा तुकडा कापायचा आणि वाट विसरतो का बघायचे. माझे उंदीर काहीही कापले तरी विसरत नसत. ‘आठवण एका जागी नसते, सगळीकडे असते’ असा निबंध मी लिहिला आणि त्यावर नाव कमावले. प्रयोगांच्या अकराव्या वर्षी पिंजरेवाला म्हणाला, “बाई, रागावू नका, पण मी रोज चक्रव्यूह पुसतो ना, ते फडकं खाण्याच्या वाटेनंच फिरवत नेतो. वासावर जातात हो ते. आठवतंय कुणाला?” मी त्याला गप्प बसवले आणि त्याची बदली ग्रंथालयात करवली. तोच निष्कर्ष इतरांच्याही उंदरांनी दिला होता, म्हणून माझा खोटेपणा पचला. त्याने कधी तोंड उघडले नाही. त्याला लाज वाटली असावी, माझी.

२. माझी पुस्तके कोणालाही देऊ नयेत, रद्दीत घालावीत. त्यांतल्या पहिल्या कपाटात आठवण म्हणजे घोकंपट्टी आहे, दुसऱ्यात घंटा वाजली की सुटणारी लाळ, तिसऱ्यात मेंदूतला पत्ता. प्रत्येक कपाट आधीच्या कपाटाला मूर्ख म्हणते. मी तिन्ही कपाटे तेवढ्याच खात्रीने शिकवली आणि न पटणाऱ्यांना नापास केले.

३. माझ्या हाताखाली शिकलेली आणि पुढे माझ्याच खुर्चीत बसलेली जी बाई आहे, तिला मी निळी वही देते, पहिले पान सोडून. तिचे म्हणणे होते की आठवण काढली की ती मऊ होते आणि परत ठेवताना बदलते. भर सभेत मी उभी राहून म्हणाले, “ही कादंबरी झाली, विज्ञान नव्हे.” तिची बढती मी चार वर्षे अडवली. ती बरोबर आहे हे मला तेव्हाही माहीत होते. पुरावा माझ्या कपाटात होता. तो दाखवायचा तर मला कबुली द्यावी लागली असती, म्हणून तिला रडू दिले.

४. राहते घर माझ्या धाकट्या भावाला. अट काही नाही. ते तोच झाडतो, पुसतो, मलाही तोच आंघोळ घालतो.

५. निळ्या वहीचे पहिले पानही त्यालाच. ते काय आहे ते आता लिहिते.

मी वीस वर्षांची होते, तो आठचा. जिन्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या बादलीला अडखळून आई पडली आणि गेली. वडिलांनी विचारले, “बादली कोणी ठेवली?” मी म्हणाले, “यानं.” तो म्हणाला, “मी नाही, मी अंगणात होतो.” वर्गात तेव्हा आम्ही शिकत होतो की पुनरावृत्तीने काहीही शिकवता येते. मी पुनरावृत्ती केली. दरवर्षी आईच्या तारखेला त्याला समोर बसवून विचारायचे, “त्या दिवशी काय झालं, सांग,” आणि उत्तर या निळ्या वहीत लिहायचे. चौथ्या वर्षी तो म्हणाला, “मीच ठेवली असेन.” नवव्या वर्षी म्हणाला, “बादलीची कडी गार होती. आई म्हणाली बाजूला ठेव, आणि मी विसरलो.” ही गार कडी मी त्याला शिकवली नव्हती. ती त्याने स्वतः घडवली. त्याला मुली सांगून आल्या, तेव्हा प्रत्येक वेळी म्हणाला, “ताईला कोण बघणार?” मी हो ला हो केले. फुकटचा नोकर कोण सोडतो?

पहिल्या पानावर, आई गेली त्याच दिवशी मी लिहिलेली एक ओळ आहे: बादली मी ठेवली.

मागच्या मंगळवारी हे सगळे मी त्याला तोंडाने सांगितले. त्याने माझा हात धरला. “ताई, माझं ओझं कमी करायला खोटं नको गं बोलूस. ती कडी अजून हाताला गार लागते मला.” मला आनंद झाला. आयुष्यभरात माझा एकच प्रयोग यशस्वी झाला होता. नंतर माझी मलाच किळस आली. पण आधी आनंद झाला, आणि क्रम मी खरा लिहिते.

वकिलांनी ते पान त्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवावे. त्याला पटवत बसू नये, तो मानणार नाही. म्हणेल, ताई भोळी होती, तिने माझ्यासाठी हे नंतर लिहून ठेवले.

आत्ता हे लिहीत असताना तो फरशी पुसायला आला आहे. पुसून झाले की बादली उचलून जिन्यापासून लांब, पार मागच्या दारापाशी ठेवेल आणि परत येऊन एकदा बघून जाईल. अठ्ठावन्न वर्षे तो हेच करतो आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांदेखत त्यावर सही केली.

सही: ताई

साक्षीदार: १. समोरच्या दुकानातले चष्मेवाले (सही) २. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, जिन्याखालची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेदहा